४० सेंमी बॅकप्लेनवर १० गिगाबिट: एनआरझेड की पॅम-४? फुकटच्या साधनांवर सिम्युलेशन कसं करावं?

चिंचोळी_एमआयडीसी

नमस्कार मंडळी. टॉवेलच्या कापडातले दोष (तुटका धागा, सुटलेला फासा, तेलाचा डाग) पकडणाऱ्या कॅमेरा यंत्रणेसाठी नवा बॅकप्लेन (कार्डं एकमेकांना जोडणारा मागचा बोर्ड) करायचा आहे. कॅमेरा कार्ड एका टोकाला, प्रोसेसर कार्ड दुसऱ्या टोकाला. सर्वांत लांबचा मार्ग ४० सेंमी, मध्ये दोन कनेक्टर, बोर्ड ३.२ मिमी जाड, साधं एफआर-४ (काच-इपॉक्सीचं नेहमीचं पीसीबी मटेरियल), ट्रेसची रुंदी ०.१५ मिमी, डिफरन्शियल १०० ओहम. प्रत्येक कॅमेऱ्यामागे १० गिगाबिट प्रतिसेकंद हवे आहेत.

दोन मतं पुढे आली आहेत. एक, सरळ १० गिगाबिट एनआरझेड (दोन पातळ्या, एका चिन्हात एक बिट). दुसरं, पॅम-४ (चार पातळ्या, एका चिन्हात दोन बिट) वापरून ५ गिगाबॉडवर, म्हणजे सेकंदाला ५ अब्ज चिन्हांवर उतरायचं, म्हणजे वारंवारता निम्मी होईल आणि एफआर-४ला झेपेल. बोर्ड बनवण्याआधी सिम्युलेशन करून ठरवायचं आहे. लाखांतलं लायसन्स घेणं शक्य नाही. पायथन येतं, एनजीस्पाइस (मोफत सर्किट सिम्युलेटर) रोजच्या वापरात आहे. एनजीस्पाइसमधली लॉसी लाइन टाकून आय डायग्राम (सगळी चिन्हं एकावर एक ठेवून काढलेला आलेख, मधली मोकळी जागा म्हणजे आय) काढला तर चालेल का? नसेल चालत तर कोणती साधनं, कोणत्या क्रमाने?

सात_रस्ता

लॉसी लाइनपुरतं आधी सांगतो. चालणार नाही. एनजीस्पाइस असो वा एलटीस्पाइस, त्यातलं एलटीआरए मॉडेल रोध, इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स हे तिन्ही स्थिर धरतं. वारंवारतेबरोबर वाढणारा स्किन इफेक्ट (करंट तांब्याच्या पृष्ठभागापुरता उरणं) त्यात नाही आणि डायइलेक्ट्रिकचा लॉसही नाही.

आकड्यांत बघा. ०.१५ मिमी रुंद, १८ मायक्रॉन जाड तांब्याचा डीसी रोध मीटरला साधारण ६.४ ओहम, म्हणजे ४० सेंमीला अडीच ओहम. ५० ओहमच्या लाइनवर याचा लॉस जेमतेम ०.२ डीबी. प्रत्यक्षात हाच ट्रेस ५ गिगाहर्ट्झला ११-१२ डीबी खातो. तेव्हा एलटीआरएवर काढलेला आय टकटकीत उघडा दिसणारच. त्यावरून एनआरझेड की पॅम-४ हा निर्णय घेतला तर तो निर्णय कागदावरच राहील.

होटगी_रोड

धागाकर्त्यांनी प्रश्न नीट मांडलाय, सगळे आकडे दिलेत, त्याबद्दल आभार. कुठलंही साधन उघडण्याआधी वहीवर दहा मिनिटांचा हिशोब करा. त्यातच अर्धं उत्तर मिळतं, आणि पुढे सिम्युलेशनने वेगळंच काही दाखवलं तर कुठे शोधायचं तेही कळतं.

डायइलेक्ट्रिक लॉस, डीबी प्रति इंच = २.३ × वारंवारता (गिगाहर्ट्झ) × लॉस टँजंट × डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचं वर्गमूळ. एफआर-४साठी लॉस टँजंट ०.०२ आणि स्थिरांक ४.३ धरा. ५ गिगाहर्ट्झला ०.४८ डीबी प्रति इंच येतो. तांब्याचा लॉस तुमच्या रुंदीला, खरखरीतपणा धरून, सुमारे ०.२७. बेरीज ०.७५. ४० सेंमी म्हणजे १५.७५ इंच, तेव्हा जवळपास १२ डीबी. दोन कनेक्टर त्यांच्या व्हायांसकट (बोर्डाचे थर जोडणाऱ्या तांब्याच्या भोकांसकट) २ डीबी धरले तर एकूण १४.

आता २.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे ५ गिगाबॉडचा नायक्विस्ट (चिन्हदराच्या निम्मी वारंवारता). डायइलेक्ट्रिक निम्मा होऊन ०.२४, तांबं वर्गमुळाने कमी होऊन साधारण ०.१९. ट्रेसचे ६.८ आणि कनेक्टरचे १.२ मिळून ८ डीबी.

म्हणजे पॅम-४वर गेल्याने चॅनलकडून ६ डीबी सुटले. पण त्याच व्होल्टेजमध्ये एकाऐवजी तीन आय बसवल्यामुळे प्रत्येक आयची उंची एक-तृतीयांश झाली, म्हणजे ९.५ डीबी गेले. मिळकत ६, खर्च साडेनऊ. या बॅकप्लेनवर १० गिगाबिटला पॅम-४ तोट्यात आहे. हाच बॅकप्लेन २० गिगाबिटला चालवायचा असता तर चित्र उलटं असतं: १० गिगाहर्ट्झला २५ डीबी आणि ५ला १४, फरक ११. तिथे पॅम-४ पुढे जातं.

आयईईईच्या ८०२.३एपी (२००७) मधलं १०जीबेस-केआर हे १०.३१२५ गिगाबिट एनआरझेड आहे. सुधारित एफआर-४चा १ मीटर बॅकप्लेन आणि दोन कनेक्टर हेच त्याचं उद्दिष्ट होतं. तुमचे ४० सेंमी त्याच्या निम्म्याहून कमी आहेत.

अशोक_चौक

होटगी रोड सर, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी याच विषयावर वाचतेय म्हणून विचारते. पॅम-३चं (तीन पातळ्यांचं) काय? जीडीडीआर७ (ग्राफिक्स मेमरी) आणि यूएसबी४च्या दुसऱ्या आवृत्तीत तेच घेतलंय. मग ते मधलं उत्तर ठरत नाही का?

होटगी_रोड

ताई, त्याच पद्धतीने तपासा. जीडीडीआर७मध्ये दोन चिन्हांत ३ बिट जातात, म्हणजे चिन्हाला दीड बिट. १० गिगाबिटला ६.६७ गिगाबॉड, नायक्विस्ट ३.३३ गिगाहर्ट्झ. तिथे या चॅनलचा लॉस ९.७ डीबी. सुटले ४. दोन आय, तेव्हा उंची निम्मी, खर्च ६ डीबी. इथेही एनआरझेडच पुढे.

यूएसबी४ दुसऱ्या आवृत्तीत ७ त्रिमूल्य चिन्हांत ११ बिट बसवतात, २५.६ गिगाबॉडवर एका लेनमधून ४० गिगाबिट. त्या वेगाला केबलच्या लॉसचा उतार इतका तीव्र असतो की मधली पायरी फायद्याची ठरते. पद्धत मुळात चांगली की वाईट असं काही नसतं. कोणत्या चॅनलवर आणि कोणत्या वेगाला, हे सांगितल्याशिवाय तुलना पुरी होत नाही.

सात_रस्ता

होटगी रोड, हिशोब बरोबर आहे पण अर्धा आहे. तुम्ही नुसती उंची मोजलीत, गोंगाट मोजला नाही. रिसीव्हरचा थर्मल गोंगाट बँडविड्थच्या प्रमाणात असतो. पॅम-४ला निम्मी बँडविड्थ पुरते, म्हणून गोंगाटाची पॉवर ३ डीबीने उतरते. ६ आणि ३ मिळून ९. समोर साडेनऊ. म्हणजे लढत जवळपास बरोबरीची! पॅम-३लाही तसंच: बँडविड्थ दोन-तृतीयांश, १.८ डीबीचा फायदा. ४ आणि १.८ मिळून ५.८, समोर ६.

शिवाय कनेक्टरमधला क्रॉसटॉक (शेजारच्या जोडीतून झिरपलेला सिग्नल) वारंवारतेबरोबर वाढतो. एनआरझेडला तो जास्त सोसावा लागतो. तेव्हा 'तोट्यात आहे' असं ठासून सांगण्याइतका फरक वहीवर दिसत नाही. म्हणूनच सिम्युलेशन हवं.

होटगी_रोड

गोंगाटाचा मुद्दा मान्य, आणि तुलना करताना तो असाच धरायला हवा: दोन्ही पद्धतींना गोंगाटाची घनता सारखी द्यायची, एकूण गोंगाट सारखा द्यायचा नाही. पुष्कळ तुलना इथेच एका बाजूला झुकतात.

पण १४ डीबीच्या चॅनलवर थर्मल गोंगाट हा मुख्य शत्रू नसतो. मुख्य शत्रू उरलेला आयएसआय (एका चिन्हाचं शेपूट शेजारच्या चिन्हांत मिसळणं). तो सिग्नलच्याच प्रमाणात असतो, बँडविड्थ कमी केली म्हणून घटत नाही. पल्स रिस्पॉन्समधला (एकाच चिन्हाला चॅनलने दिलेल्या उत्तरातला) मुख्य कर्सर, म्हणजे त्या चिन्हाच्या स्वतःच्या क्षणाची किंमत, 'मु' आणि बाकी सगळ्या कर्सरांच्या निरपेक्ष किमतींची बेरीज 'बे' असेल, तर सर्वांत वाईट स्थितीत आयची उंची एनआरझेडला २ × (मु − बे) आणि पॅम-४ला २ × (मु/३ − बे). 'बे'ला तीनने भागलेलं नाही, हे लक्षात घ्या. इक्वलायझरनंतरही 'बे' जर मुख्य कर्सरच्या एक-तृतीयांश उरली तर पॅम-४चे तिन्ही आय बंद, आणि त्याच चॅनलवर एनआरझेडचा आय ६७ टक्के उघडा. कनेक्टरवरून होणारी परावर्तनं उशिरा येतात, पाच-सात टॅपच्या डीएफईच्या (आधीच्या बिटांचा परिणाम वजा करणाऱ्या रिसीव्हरमधल्या इक्वलायझरच्या) आवाक्याबाहेर पडतात आणि सगळी 'बे'मध्ये जमा होतात. बरोबरीची लढत इथे संपते.

चिंचोळी_एमआयडीसी

फार उपयोगी चर्चा. आता मला हे माझ्या खऱ्या चॅनलवर करून बघायचंय. कनेक्टर उत्पादकाकडून टचस्टोन फायली (एस-पॅरामीटर, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती सिग्नल पार जातो आणि किती परततो) मिळाल्या आहेत, चार पोर्टच्या. पुढचा रस्ता सांगा.

कुंभार_वेस

हे काम पायथनमधल्या सायकिट-आरएफवर करा. मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. क्रम सांगतो, आणि प्रत्येक ठिकाणी काय फसतं तेही.

फाइल उघडली की पहिलं काम पोर्ट तपासणं. बऱ्याच उत्पादकांच्या फायलींत १ मधून शिरलं की २ मधून बाहेर आणि ३ मधून ४, असा क्रम असतो. सायकिट-आरएफला चॅनल एकापुढे एक जोडताना डावीकडे १-२ आणि उजवीकडे ३-४ लागतात. क्रम न बदलता जोडलं तर प्रोग्राम तक्रार करत नाही, मुकाट्याने चुकीचा चॅनल तयार करतो. ओळखायची खूण सोपी आहे: मिश्र मोडमध्ये रूपांतर करून डिफरन्शियल थ्रू (आरपार जाणारा सिग्नल) बघा. सर्वांत खालच्या वारंवारतेला तो शून्याच्या जवळ, फार तर अर्धा डीबी खाली असला पाहिजे. तिथेच उणे ३०-४० दिसले तर पोर्ट उलटसुलट आहेत, आणि तुम्ही थ्रूऐवजी क्रॉसटॉक बघताय.

दुसरं, संदर्भ इम्पीडन्स. एक फाइल ५० ओहमची आणि दुसरी ४२.५ची (८५ ओहम डिफरन्शियलसाठी काढलेली) असू शकते. जोडण्याआधी दोन्ही एका पायावर आणा.

तिसरं, वारंवारतेची पायरी. इथे थोडं थांबतो, कारण इथली चूक डोळ्याला दिसत नाही. तुमच्या चॅनलचा एकूण विलंब अंदाजे ३ नॅनोसेकंद (स्ट्रिपलाइनला ६.९ पिकोसेकंद प्रति मिमी, त्यात कनेक्टर). फाइलची पायरी ५० मेगाहर्ट्झ असेल तर दोन बिंदूंमध्ये फेज ५४ अंश फिरते. आता वास्तव आणि काल्पनिक भाग वेगवेगळे धरून सरळ रेषेत इंटरपोलेशन केलं, तर मधल्या बिंदूवर मॅग्निट्यूड कोसाइन २७ अंशाने, म्हणजे १ डीबीने खाली येतो. चॅनलमध्ये नसलेली १ डीबीची लहर तयार झाली! १० मेगाहर्ट्झची पायरी असेल तर हीच चूक ०.०४ डीबी. म्हणून एक तर १० मेगाहर्ट्झची फाइल मागवा, नाही तर मॅग्निट्यूड आणि उलगडलेली फेज यांवर इंटरपोलेशन करा. १० मेगाहर्ट्झच्या पायरीने वेळेची खिडकीही १०० नॅनोसेकंद मिळते, ३ नॅनोसेकंदांच्या चॅनलला ती भरपूर आहे.

चौथं, डीसी बिंदू. फायली बहुधा १० किंवा ५० मेगाहर्ट्झपासून सुरू होतात, शून्य नसतो. तो न भरता उलट फूरिये घेतलं तर स्टेप रिस्पॉन्सची पातळी सरकते आणि आय वर-खाली होतो. डीसीपर्यंत एक्स्ट्रापोलेट करण्याची सोय सायकिट-आरएफमध्ये आहे. वरची मर्यादा तुमच्या वेगाला निदान २० गिगाहर्ट्झ ठेवा.

पाचवं, पॅसिव्हिटी. कुठल्याही वारंवारतेला चॅनल आत आल्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर देत असेल तर ट्रान्झिएंट सिम्युलेशन मध्येच उधळतं. मोजमापातून आलेल्या फायलींत हे नेहमी आढळतं.

एवढं झालं की स्टेप रिस्पॉन्स काढा, एक चिन्हाइतका सरकवून वजा करा, पल्स रिस्पॉन्स मिळाला. एनआरझेडसाठी १०० पिकोसेकंद सरकवायचा, पॅम-४साठी २००. त्यावर होटगी रोड यांची दोन सूत्रं लावा. हे सगळं मिळून पायथनच्या शंभरेक ओळी होतील.

अशोक_चौक

हाच चॅनल एनजीस्पाइसमध्ये खऱ्या ड्रायव्हरसोबत चालवायचा असेल तर?

कुंभार_वेस

सायकिट-आरएफच्या व्हेक्टर फिटिंगने एस-पॅरामीटरवर परिमेय फलन बसवा, पॅसिव्हिटी लादून घ्या, मग स्पाइस सबसर्किट म्हणून फाइल लिहून काढा. एनजीस्पाइस ती थेट घेतं. लांब चॅनल एकदम फिट करू नका. ३ नॅनोसेकंदांचा विलंब पकडायला खूप पोल लागतात आणि फिट डळमळतं. कनेक्टर, व्हाया आणि ट्रेस वेगवेगळे फिट करून स्पाइसमध्ये जोडा. फिटची चूक फक्त डीबीच्या आलेखावर बघू नका, फेजही एकावर एक ठेवून बघा.

सात_रस्ता

ट्रेसचं मॉडेल करतानाही एक पथ्य. डायइलेक्ट्रिक स्थिरांक आणि लॉस टँजंट सगळ्या वारंवारतांना एकच ठेवले तर मॉडेल कॉझल राहत नाही: पल्स पोहोचायच्या आधीच रिस्पॉन्स हलायला लागतो. यासाठी जोर्जेविच-सरकार हे वाइडबँड डिबाय मॉडेल वापरा. एका वारंवारतेचा स्थिरांक आणि लॉस दिला की बाकीचं ते स्वतः काढतं, आणि सायकिट-आरएफच्या मायक्रोस्ट्रिपच्या मॉडेलमध्ये तो पर्याय आहे. तांब्याच्या खरखरीतपणासाठी हॅमरस्टॅडचं सूत्र सोपं आहे, पण ते लॉस दुपटीच्या वर जाऊ देत नाही. १० गिगाबिटला चालून जातं. २५च्या पुढे ह्युरेचं मॉडेल घ्या.

कुंभार_वेस

व्हायाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ३.२ मिमीचा बोर्ड आहे. सिग्नल वरच्या थरांत ०.६ मिमीवर वळला तर खाली २.६ मिमीचा स्टब (व्हायाचा न वापरलेला तुकडा) लोंबतो. चौथाई तरंगलांबीच्या सूत्राने त्याचा खड्डा १३.९ गिगाहर्ट्झला येतो. पॅडची कपॅसिटन्स धरली की प्रत्यक्षात ११-१२पर्यंत खाली सरकतो. तुमचा नायक्विस्ट ५ला असल्याने बॅकड्रिलिंगशिवाय (स्टब ड्रिलने काढून टाकल्याशिवाय) निभावेल. सिग्नल खालच्या थरात नेलात तर स्टब आपोआप लहान होतो, तोही खर्च न वाढवता.

तरी व्हायाचं त्रिमितीय मॉडेल करायचंच असेल तर ओपनईएमएस आहे. जर्मनीतल्या डुइसबुर्ग-एसेन विद्यापीठात तयार झालेलं, एफडीटीडी पद्धतीचं (जागा आणि वेळ जाळीत तोडून विद्युत-चुंबकीय क्षेत्र काढणारं), मुक्त स्रोत. जाळी काढताना धातूची कड नेमक्या जाळीच्या रेषेवर ठेवू नका. कडेच्या आत एक-तृतीयांश आणि बाहेर दोन-तृतीयांश अशी घराची विभागणी करा, नाही तर इम्पीडन्स चुकतो. सर्वांत लहान घर २५ मायक्रॉनचं असेल तर वेळेची पायरी सुमारे ४८ फेम्टोसेकंद, म्हणजे १ नॅनोसेकंदाला २१ हजार पायऱ्या. एका कोपऱ्यासाठी घर निम्मं केलंत तर सगळ्या सिम्युलेशनचा वेळ दुप्पट. गोल अँटीपॅड (व्हायाभोवतीची तांबं काढलेली जागा) चौकोनी जाळीत पायऱ्या-पायऱ्यांचा होतो, पण या वेगाला त्याने फरक पडत नाही. संपूर्ण बॅकप्लेन यात घालायचा मोह टाळा. फक्त व्हाया आणि आजूबाजूचे दोन-तीन मिमी.

विजापूर_वेस

तयार साधन हवं असेल तर पायबर्ट बघा. पायथनमध्येच आहे, मोफत. एनआरझेड, ड्युओबायनरी आणि पॅम-४ या तिन्ही पद्धती त्यात निवडता येतात, म्हणजे धाग्याच्या प्रश्नाला नेमकं लागू. टचस्टोन फाइल घेतं, ट्रान्समीटरचे टॅप, सीटीएलई (उच्च वारंवारता उचलणारा इक्वलायझर), डीएफई सगळं आहे, आयबिस-एएमआय मॉडेलही चढवता येतं. ते स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्येच बसवा. ग्राफिक्सच्या लायब्ररींच्या आवृत्त्या इतर पॅकेजांशी भांडतात.

एएमआयबद्दल दोन शब्द. साधं आयबिस मॉडेल ड्रायव्हरचे व्होल्टेज-करंट आणि व्होल्टेज-वेळ तक्ते देतं. एलव्हीडीएस, डीडीआर३ इथपर्यंत पुरेसं. १० गिगाबिटच्या रिसीव्हरमध्ये निम्मं काम इक्वलायझर करतो आणि तो त्या तक्त्यांत नाही. तो एएमआयच्या डीएलएलमध्ये असतो. काही मॉडेलांत फक्त सुरुवातीचं 'इनिट' फलन असतं, 'गेटवेव्ह' नसतं. अशा मॉडेलवर सांख्यिकीय सिम्युलेशन होतं, पण डीएफई बिटागणिक जुळवून घेताना दिसत नाही. उत्पादकाकडून मॉडेल मागताना हे विचारून घ्या, आणि विंडोज की लिनक्स हेही.

आणखी एक. दहा लाख बिट चालवून आय उघडा दिसला म्हणजे १०^−१२ एरर रेट मिळाला असं होत नाही. दहा लाख बिट फार तर १०^−६पर्यंत बोलतात. पुढचा प्रवास सांख्यिकीने करायचा: रँडम जिटरचा (सिग्नलच्या कडांच्या वेळेतल्या यादृच्छिक हालचालीचा) आरएमएस गुणिले १४. आरएमएस १ पिकोसेकंद असेल तर १०० पिकोसेकंदांच्या चिन्हातले १४ तिथेच गेले. प्रत्यक्ष बोर्डावर हे तपासणं उलट सोपं आहे. १० गिगाबिटला ३ × १०^१२ बिट पाच मिनिटांत जातात, आणि एकही चूक न आढळल्यास ९५ टक्के खात्रीने १०^−१२ म्हणता येतं.

भवानी_पेठ

सगळे आकडे २५ अंशांचे दिसताहेत. बोर्ड सोलापुरात लागणार, तेही कापड वाळवण्याच्या यंत्राशेजारी. मे महिन्यात बाहेरच ४२च्या पुढे, बंद पेटीत बोर्ड ७० अंशांना सहज पोहोचतो. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो, ४५ अंशांना १७-१८ टक्के. स्किन इफेक्टमुळे लॉस त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे साडेआठ टक्के. हे फार नाही. खरा धोका डायइलेक्ट्रिकचा. साधं एफआर-४ तापलं आणि त्यात ओल शिरली की लॉस टँजंट चढतो. वाईट टोक म्हणून ०.०२५ धरून पुन्हा चालवा. ५ गिगाहर्ट्झला डायइलेक्ट्रिकचे १.९ आणि तांब्याचे ०.४ मिळून सव्वादोन डीबी वाढतात. १४चे १६ होतात.

इम्पीडन्स ±१० टक्के हेही टोक घ्या, पण कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना विरुद्ध: कार्ड ९० ओहम, बॅकप्लेन ११०. परावर्तन तेव्हाच सर्वांत जास्त होतं. सगळीकडे ९० धरून चालवलं तर ते लपतं.

अवांतर: पीसीबीवाल्याला प्रीप्रेगची (बोर्डाच्या थरांतल्या रेझिन भरलेल्या काचेच्या कापडाची) विण विचारा. १०८०सारखी बारीक विण विरळ असते. जोडीतली एक तार काचेवर आणि दुसरी रेझिनवर पडली की दोघींचा वेग वेगळा होतो आणि ४० सेंमीत तो फरक साठत जातो. विणकामाच्या गावात हे वेगळं सांगायला नको! बॅकप्लेनचं आर्टवर्क पॅनलवर १० अंश तिरकं ठेवायला सांगा, किंवा १०७८सारखी पसरवलेली विण मागा.

होटगी_रोड

भवानी पेठ, विरुद्ध टोकांचा मुद्दा मोलाचा.

धागाकर्त्यांना आता एक तिसरा पर्याय सुचवतो, जो तुलनेत आलाच नाही. दोन जोड्या वापरा, प्रत्येकीवर ५ गिगाबिट एनआरझेड. ८बी/१०बी कोडिंग (८ बिटांसाठी १० पाठवणारं) धरून ६.२५ गिगाबिट, नायक्विस्ट ३.१२५ गिगाहर्ट्झ, लॉस सव्वानऊ डीबी. वारंवारता उतरली आणि आयची उंचीही शाबूत, साडेनऊ डीबीचा दंड नाही. किंमत एवढीच की कनेक्टरच्या पिना दुप्पट लागतात.

एफपीजीएचाही (हवं ते सर्किट घडवता येणाऱ्या चिपचाही) विचार करा. आर्टिक्स-७चे जीटीपी ट्रान्सीव्हर ६.६ गिगाबिटपर्यंत जातात (वेग-दर्जा आणि पॅकेज दोन्ही बघा, सर्वांत मंद दर्जात ३.७५च मिळतात). १० गिगाबिटसाठी किंटेक्स-७च्या जीटीएक्सवर जावं लागेल, कमाल १२.५. जीटीपीत डीएफई नाही, फक्त सीटीएलई आहे, पण सव्वानऊ डीबीला ट्रान्समीटरच्या एम्फसिससोबत तो पुरतो. आणि पॅम-४? ५ गिगाबॉडवर पॅम-४ देणारा ट्रान्सीव्हर या वर्गाच्या एफपीजीएत नाहीच. सिम्युलेशनमध्ये ते जिंकलं असतं तरी चिप कुठून आणणार?

सात_रस्ता

अनुमोदन. पॅम-४ घेतलं की एफईसीही (चुका दुरुस्त करणारं कोडिंग) आलं. पीसीआयई ६.० (जानेवारी २०२२) मध्ये ६४ गिगाट्रान्सफरला पॅम-४ घेतलं तेव्हा कच्चा एरर रेट १०^−६ मान्य करून त्यावर एफईसी बसवलं. पीसीआयई ५.० आणि ६.०, दोन्हींचा नायक्विस्ट १६ गिगाहर्ट्झच आहे, हे मुद्दाम बघण्यासारखं.

दोन जोड्यांमधला विलंबाचा फरक लेन बाँडिंगमध्ये (रिसीव्हरमध्ये जोड्यांचा डेटा पुन्हा एकत्र आणताना) जुळवला जातो, त्यासाठी जोड्या एकमेकींशी मिमीत जुळवत बसू नका. जोडीच्या आतल्या दोन तारा मात्र जुळवा.

चिंचोळी_एमआयडीसी

कनेक्टरवर पिना शिल्लक आहेत, दोन जोड्यांचाच पर्याय धरतो. भवानी पेठ अण्णांनी दिलेली दोन्ही टोकं घेऊन पायबर्टवर चालवून आलेख इथे टाकतो. एक शेवटचं: मॉडेलमधला ०.०२ हा आकडा आमच्या पीसीबीवाल्याच्या मालाला लागू आहे हे कसं पडताळू? मोठा व्हीएनए (एस-पॅरामीटर मोजणारं यंत्र) इथे नाही.

कुंभार_वेस

पॅनलच्या कडेला दोन चाचणी-ट्रेस घाला: ५० ओहमचे, एकेरी, बॅकप्लेनच्याच थरात, त्याच रुंदीचे. एक ५ सेंमी, दुसरा २५. दोन्हींना सारखेच एसएमए कनेक्टर आणि सारखाच लाँच (कनेक्टरमधून ट्रेसमध्ये शिरण्याची जागा). ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा हातातला स्वस्त व्हीएनए पुरतो. दोन्हींचा थ्रू डीबीत मोजून वजा केला की कनेक्टरचा भाग निघून जातो आणि शुद्ध २० सेंमीचा लॉस उरतो. ५ गिगाहर्ट्झला तो ६ डीबीच्या आसपास यायला हवा.

मग प्रति इंच लॉसला वारंवारतेच्या वर्गमुळाने भागा आणि तो आकडा वर्गमुळासमोर आलेखावर मांडा. सरळ रेषा येते. उभ्या अक्षावर ती जिथे छेदते तो तांब्याचा भाग, सुमारे ०.१२. चढ हा डायइलेक्ट्रिकचा भाग. तो ०.०९५ आला तर लॉस टँजंट ०.०२, ०.१२ आला तर ०.०२५. खरखरीतपणाचा थोडा हिस्सा या चढात मिसळतो, त्यामुळे लॉस टँजंट किंचित जास्त दिसेल. याच बोर्डाचा एकूण लॉस काढताना त्याने बिघडत नाही, पण उद्या लॅमिनेट बदललंत तर हे मोजमाप नव्याने करा.

रेषा सरळ न येता लहरत असेल तर दोन लाँच सारखे नाहीत. एसएमएचं सोल्डरिंग आधी बघा. आणि चढ २५ अंशांनाच ०.१२च्या वर निघाला, तर तो माल तापल्यावर ०.०२५च्याही पलीकडे जाणार. अशा वेळी बॅकप्लेनची ऑर्डर देण्याआधी कमी लॉसचं लॅमिनेट मागा.